दात नावाचा फोल्डर

ही गोष्ट खरी आहे.

तुम्ही म्हणाल, सगळेच असं म्हणतात. म्हणोत. बाकीच्यांच्या गोष्टीत विहीर असते, अमावास्या असते, खोटं बोलायला सोयीचं पडतं. माझ्या गोष्टीत एक डेस्कटॉप कॉम्प्युटर आहे, त्याचं एक सेटिंग आहे आणि कवळ्या आहेत. खोटंच सांगायचं असतं तर यापेक्षा बरं काहीतरी निवडलं असतं.

गुरुवार होता. रात्र वगैरे नव्हती. दुपारचा दीड. बाहेर इतकं ऊन की भुतालाही टोपी लागली असती.

जागा म्हणजे गाद्यांच्या दुकानाच्या वर, दुसऱ्या मजल्यावरची दातांची लॅब. डॉक्टर लोक पेशंटच्या तोंडाचं माप पाठवतात, लॅबवाले त्याबरहुकूम कवळी बनवून देतात. लॅब ताईची. ताई म्हणजे माझी मावसबहीण. आणि हे सगळं ज्याच्या बाबतीत घडलं तो तिचा सख्खा धाकटा भाऊ, पक्कड.

पक्कड हे त्याचं खरं नाव नाही. पण त्याच्या आईलाही आता खरं नाव आठवायला क्षणभर लागतो. तो कॉम्प्युटर दुरुस्त करतो. लोक त्याला फोन करून सांगतात की मशीन आपोआप बंद होतं, आपोआप चालू होतं, आतून आवाज येतात. पक्कडचं सगळ्यांना एकच उत्तर असतं. कॉम्प्युटरमध्ये भूत नसतं, धूळ असते.

त्या गुरुवारपर्यंत असायची.

ताईने फोनवर कसा आहेस वगैरे विचारलं नाही. ती कधीच विचारत नाही. म्हणाली, पंधरा मिनिटांत ये, नाहीतर येऊच नकोस, परत कधीच.

पक्कड दहा मिनिटांत पोचला.

दार उघडंच होतं. बाहेरच्या खोलीत टेबल, टेबलावर कॉम्प्युटर, शेजारी कवळी कोरून काढणारं मशीन. आतल्या खोलीत भट्टी, घासायची मोटर आणि भिंतभर फळ्यांवर प्लास्टरचे जबडे. वरचा आणि खालचा, जोडीजोडीने, रबर लावून बंद केलेले. भावजी आत मोटरवर काहीतरी घासत होते. त्यांनी मास्कच्या वरून पक्कडकडे बघितलं आणि मान हलवली. लग्नात मुलीच्या बापाकडे बघतात तशी. सहानुभूतीने.

"हे तू करून ठेवलंयस," ताई म्हणाली. "आता निस्तर."

आता हे काय होतं ते आधी सांगतो, नाहीतर पुढे गोंधळ होईल.

प्रत्येक कॉम्प्युटरमध्ये वापरणाऱ्याचा एक होम फोल्डर असतो. त्याच्या पोटात सहा फोल्डर आयतेच मिळतात. कागदपत्रांचा, फोटोंचा, डाउनलोडचा, गाण्यांचा, व्हिडिओंचा आणि डेस्कटॉपचा. तुम्ही काहीही सेव्ह केलं की ते कुठे जाणार हे आधीच ठरलेलं असतं. ताईला याचाच राग होता. क्लिनिकमधून ईमेलने आलेली मापं डाउनलोडमध्ये जायची, फोटो फोटोंमध्ये, आणि कवळीचं सॉफ्टवेअर मात्र कागदपत्रांच्या फोल्डरमध्येच शोधायचं. म्हणून दोन महिन्यांपूर्वी तिने दुसऱ्या ड्राइव्हवर एक नवा फोल्डर केला. त्याला नाव दिलं, दात. आणि सहाच्या सहा फोल्डरांचा पत्ता बदलून तोच एक देऊन टाकला. आता काहीही, कुठूनही आलं तरी पडणार एकाच जागी.

करायच्या आधी तिने पक्कडला फोन केला होता. तो हो म्हणाला होता.

"मी एका टेबलाखाली होतो, ताई. माझ्या डोक्यावर प्रिंटर होता."

"मग नाही म्हणायचं."

"सहा जणांच्या घरात एकच ब्रश ठेवावा तसं केलंयस हे. एकदा एकत्र झाले की ते परत वेगळे होत नाहीत, एकमेकांना चिकटतात."

"ते चिकटलेत याची तक्रारच नाहीये माझी," ताई म्हणाली. आणि तिने खुर्ची ओढून त्याला बसायला दिली नाही, स्वतः बसली.

तक्रार वेगळी होती.

गेल्या महिन्यात एका निवृत्त हेडमास्तरांची कवळी गेली. त्यानंतर बँकेतल्या एका कॅशियरबाईंची. दोन्ही चुकीच्या गेल्या. म्हणजे माप भलत्याचंच होतं. लॅबचं पाऊण काम ज्यांच्याकडून येतं त्या डॉक्टरीणबाईंनी ताईला फोनवर सोलून काढलं.

पक्कड म्हणाला, बसली नसेल, परत करून द्यायची.

ताईने मान हलवली.

"बसली," ती म्हणाली. "दोघांनाही बसली. चुकीच्या मापाची असून अगदी घट्ट बसली. आता निघत नाहीये."

पक्कड हसला. ताई हसली नाही.

हेडमास्तरांनी तीन आठवड्यांत स्टीलचे पाच चमचे चावून वाकवले होते. कॅशियरबाईंनी जावयाच्या मनगटाला चावा घेतला होता, आणि नंतर शांतपणे विचारलं होतं की तुम्ही का ओरडताय. दोघेही एकमेकांना ओळखत नव्हते. दोघेही झोपेत एकच वाक्य बोलायचे. माझं कुठे ठेवलंत?

आता तिसरी कवळी आज सहा वाजेपर्यंत द्यायची होती. ती डॉक्टरीणबाईंच्या सासूबाईंची होती. ही चुकली तर उद्यापासून काम बंद, असं बाईंनी स्वच्छ सांगितलं होतं. आणि ते बंद झालं की लॅबला कुलूप. ताईची चोवीस वर्षं, भावजींचं घासून घासून बधिर झालेलं बोट, सगळं त्या एका म्हाताऱ्या तोंडावर येऊन थांबलं होतं.

ताईने स्क्रीनवर तीन फाइली शेजारी शेजारी उघडल्या. हेडमास्तर. कॅशियरबाई. सासूबाई. नंबर वेगळे, तारखा वेगळ्या.

तोंड एकच.

खालच्या डाव्या बाजूचा सुळा तिरका तुटलेला. तिन्हींत.

"मी माणूस विसरेन, दाढ विसरणार नाही," ताई म्हणाली. "हे तोंड मी आयुष्यात पाहिलेलं नाही."

पक्कडने आधी साधे उपाय केले. सासूबाईंचं माप त्याने स्वतःच्या मोबाइलवर मागवलं. मोबाइलवर उघडलं. बरोबर होतं. चार दात शिल्लक, तेही रुसल्यासारखे वेगवेगळ्या दिशांना. मग तीच फाइल पेन ड्राइव्हवरून या कॉम्प्युटरवर आणली...

तिरका सुळा.

परत आणली.

तिरका सुळा.

दुसऱ्या मशीनवर काम करायचा प्रश्नच नव्हता. कवळीचं सॉफ्टवेअर याच कॉम्प्युटरवर चालायचं आणि कोरणारं मशीनही यालाच जोडलेलं. म्हणजे एकच मार्ग. सहाही फोल्डर त्या दातमधून सोडवायचे, पुन्हा होम फोल्डरमध्ये आपापल्या जागी बसवायचे, आणि मग सासूबाईंना नव्या जागी उतरवायचं.

"किती वेळ?"

"अर्धा तास."

"तुझा की खरा?"

पक्कड कामाला लागला.

गाण्यांचा फोल्डर घेतला. त्याच्या सेटिंगमध्ये मूळ जागी परत ने असं एक बटण असतं. ते दाबलं. पत्ता बदलला. सेटिंगची खिडकी बंद करून परत उघडली.

पत्ता पुन्हा दात.

हे अपेक्षित होतं. चिकटलेले फोल्डर असंच करतात. मग तो सेटिंगच्या मागच्या गोदामात शिरला, जिथे कॉम्प्युटर हे सगळे पत्ते लिहून ठेवतो, आणि तिथे हाताने पत्ता खोडून नवा लिहिला. कॉम्प्युटर बंद करून चालू केला. गाणी सुटली.

एक झाला.

भावजी मास्क काढून बाहेर आले. तयार कवळ्यांचं पार्सल कुरियरला द्यायचं होतं. जाताना म्हणाले, चहा आणू का. ताई म्हणाली, सहानंतर. भावजी गेले. जिन्यावरून त्यांच्या चपलांचा आवाज खाली खाली गेला. ताई आतल्या खोलीत जाऊन साचे लावू लागली.

पक्कडने ज्यात सगळं होतं तो फोल्डर उघडला. दात.

आत अकरा हजारांवर फाइली होत्या. सगळ्यांना पेशंटचा नंबर. एक सोडून.

तिला नाव नव्हतं. फक्त वेळ होती. दोन एकतीस.

पक्कडने घड्याळ बघितलं.

दोन एकतीस.

फाइल आत्ता तयार झाली होती. पण टेबलावरचा, मापं टिपणारा स्कॅनर बंद होता. त्याची वायर निघून पडलेली, पक्कडच्याच बुटाखाली. ईमेल बंद होतं. मोबाइल खिशात.

त्याने फाइल उघडली. तेच तोंड. मिटलेलं. वरचे दात खालच्यांवर टेकलेले.

बरं, म्हणाला. मनात म्हणाला. तोंडाने काही म्हणायची त्याला इच्छा झाली नाही.

व्हिडिओंचा फोल्डर सोडवला. परत दातमध्ये बघितलं...

दोन एकोणपन्नास. नवी फाइल. तेच तोंड. आता वरच्या आणि खालच्या दातांत एक फट होती. नख जाईल एवढी.

फोटोंचा सोडवला.

तीन सात. बोट जाईल एवढी.

पक्कडला वाटलं, ताई गंमत करतेय. मग त्याला आठवलं की ताईने शेवटची गंमत केली त्याला एकोणीस वर्षं झाली, आणि तेव्हाही कोणी हसलं नव्हतं.

डाउनलोडचा फोल्डर घेतला. तेवढ्यात...

टक.

टक... टक.

आवाज कॉम्प्युटरच्या डब्यातून येत होता. हलका, कोरडा. हार्ड डिस्क मरायला टेकली की असा आवाज करते. आतली चकती अडकते, सुई आपटते. पक्कडने असा आवाज शेकडो वेळा ऐकला होता. त्याला बरंच वाटलं. ओळखीचा रोग निघाला. त्याने डब्याचा पत्रा काढला.

आणि हात तसाच राहिला.

डिस्क त्यानेच बसवली होती, गेल्या वर्षी. नव्या पद्धतीची. त्यात चकती नसते. सुई नसते. हलणारं काहीच नसतं.

टक.

त्याने बोट टेकवलं. बोटाला जाणवत होतं. थंडीत दात वाजतात ना, तसं.

पंखा थांबवून बघितला. वायर हलवून बघितली. फुंकर मारून बघितली. धूळ उडाली नाही. आत धूळ नव्हतीच.

आतल्या खोलीतून घासायच्या मोटरचा आवाज येऊ लागला. घूं... घूं... भावजी कामाला लागले, पक्कडला वाटलं. जरा धीर आला. कुणीतरी दुसरंही आपलं काम करतंय ही भावना चांगली असते.

"ही मोटर कोणी लावली?"

ताईचा आवाज मागून आला. पक्कडच्या अगदी मागून. ती त्याच्या खुर्चीमागे उभी होती, हातात पाण्याची बाटली घेऊन.

"भावजी आले ना," पक्कड म्हणाला.

"त्यांचा आत्ता फोन होता. कुरियरच्या रांगेत आहेत."

घूं...

दोघे आत गेले. ताई पुढे, पक्कड मागे. हे तो स्वतःच सांगतो आणि याची त्याला लाज वाटत नाही.

मोटर बंद होती. चाक हळूहळू थांबत होतं.

आत कोणी नव्हतं. खिडकीला जाळी. दुसरं दार नाही.

ताईने फळ्यांकडे बघितलं. मग पक्कडने बघितलं.

जमिनीवर रबरं पडली होती. शेकडो. एकही तुटलेलं नाही. सगळी काढून टाकलेली. आणि फळ्यांवरचे सगळे जबडे, भिंतभर, वरपासून खालपर्यंत...

उघडे होते.

सगळे सारख्याच मापाने. बोट जाईल एवढे.

पक्कड दाराकडे सरकला. ताईही घाबरली असावी, पण तिने ते कोणाला दाखवलं नाही. ती बराच वेळ बघत राहिली आणि मग म्हणाली,

"रबरं नंतर उचलू. तू फोल्डर सोडव."

फोन वाजला. डॉक्टरीणबाई. ताईने स्पीकर लावला नव्हता तरी पक्कडला शब्द न् शब्द ऐकू आला, इतक्या मोठ्याने त्या बोलत होत्या. हेडमास्तर खुर्चीत आहेत. तीन माणसं कवळी ओढताहेत. त्यांनी असिस्टंटचा हातमोजा गिळलाय. जागेपणीही आता एकच विचारताहेत, माझं कुठे ठेवलंत. तुम्ही नक्की कोणाचं माप वापरलंत? उत्तर द्या. आणि सासूबाई येऊन बसल्यात, सहा म्हणजे सहा.

ताई हो मॅडम, हो मॅडम करत राहिली. फोन ठेवला. पक्कडकडे बघितलं नाही.

पक्कडने विचारलं, "ताई, सगळं एकत्र करताना कॉम्प्युटरने काही विचारलं होतं?"

विचारलं होतं. दोन जागी एकाच नावाच्या फाइली आल्या की तो विचारतो, जुनी ठेवू की नव्याने तिची जागा घ्यायची. दर फाइलीला विचारतो. ताईने तीन-चार वेळा वाचलं, मग कंटाळून सगळ्यांना हो म्हणून टाकलं. त्यात एक फाइल बिननंबरची होती. कोणाची, तिला आठवत नव्हतं. लॅबमध्ये बिननंबरचं काही येत नाही. तिने कचरा समजून पुसली जाऊ दिली.

"मग ती कोणाची होती?"

"मला कसं माहीत? तू पोलिसात आहेस का?"

डाउनलोड सुटला. साडेचार.

डेस्कटॉप सुटायला फार त्रास झाला. प्रत्येक वेळी कॉम्प्युटर चालू व्हायला आधीपेक्षा जास्त वेळ लागायचा, आणि चालू होईपर्यंत काळ्या स्क्रीनमध्ये पक्कडला स्वतःचा चेहरा दिसायचा. त्याने बघणं सोडलं. मान खाली घालून टायपिंग करत राहिला. भावजी परत आले, आतलं बघितलं, आणि एकही प्रश्न न विचारता गॅलरीत जाऊन उभे राहिले. या घरात शहाणा माणूस तो एकच.

डेस्कटॉप सुटला. पाच दहा.

टक. टक. टक. टक.

राहिला फक्त कागदपत्रांचा. मुख्य. सगळी मापं ज्यात आहेत तो.

पक्कडने मूळ जागेचं बटण दाबलं. या वेळी पत्ता लगेच बदलला. जणू कोणी वाटच बघत होतं. स्क्रीनवर चौकट आली. जुन्या जागेतल्या सगळ्या फाइली नव्या जागी हलवू का? हो. नाही.

वर नवी जागा लिहून आली होती. ताईने चष्मा लावून वाचली.

"ही तुझ्या नावाने का आहे?"

पक्कडनेही वाचलं. आणि त्याने माउसवरचा हात काढला.

त्याची एक सवय होती. नवं मशीन लावताना कॉम्प्युटर पहिल्यांदाच विचारतो, वापरणाऱ्याचं नाव काय. गिऱ्हाईक तेव्हा बाहेर गेलेलं असतं किंवा आंघोळीला. पक्कड स्वतःचं टोपणनाव ठोकून द्यायचा आणि पुढे जायचा. नंतर वरचं नाव बदलून द्यायचा, लॅब, ऑफिस, बाबा, काय हवं ते. पण होम फोल्डरचं नाव पहिल्या दिवशी पडतं तेच राहतं, आतल्या आत. कोणाच्या लक्षातही येत नाही. ताईच्या कॉम्प्युटरचा होम फोल्डर पहिल्यापासून पक्कड होता.

म्हणजे आता हो म्हटलं की दातमधलं सगळं पक्कडमध्ये जाणार.

"मी नाहीचं बटण दाबतो," तो म्हणाला.

"का?"

"जुनं तिथेच राहू दे. नवा फोल्डर रिकामा घेऊ, सासूबाईंची फाइल मोबाइलवरून त्यात टाकू, आजची कवळी निघेल. बाकीची मापं नंतर एकेक बघून आणतो."

"अकरा हजार."

"हो."

"एकेक."

"हो, ताई."

"उद्या सकाळी क्लिनिकने एक जुनं तोंड मागितलं तर मी काय देऊ? तुझं नंतर मला माहीत आहे. आईचा फ्रिज तू नंतर बघणार होतास."

पक्कडने खुर्ची मागे घेतली. त्याचा आवाज बारीक झाला होता.

"ताई, दात हे कोणाचं नाव नव्हतं म्हणून ते आतापर्यंत नुसतं फिरत होतं. या फोल्डरला माझं नाव आहे. मला हे नकोय. एवढं ऐक माझं."

पाच बावीस झाले होते. कोरायला अर्धा तास लागतो.

ताईने त्याच्याकडे बघितलं. पक्कड म्हणतो, नीट बघितलं. दोघं लहान असताना बघायची तसं. त्याला वाटलं ती ऐकणार.

ताईने त्याच्या खांद्यावरून हात पुढे केला आणि हो दाबलं.

हिरवी पट्टी भरू लागली. खाली कॉम्प्युटर सांगतो की किती फाइली हलवतोय. अकरा हजार सांगायला हवं होतं.

तिथे लिहिलं होतं... एक.

पट्टी भरली. चौकट गेली.

टकटक थांबली.

इतकी शांतता झाली की खाली गाद्यांच्या दुकानात कोणीतरी गादीवर बसून बघितलं तेही ऐकू आलं.

सासूबाईंची फाइल उघडली. चार दात, रुसलेले. बाकीचीही सगळी तोंडं आपापल्या नंबरात, ज्याची त्याला. ताईने भराभर दहाएक उघडून बघितली. एकही चूक नाही. कोरणारं मशीन सुरू झालं. पाच छप्पन्नला भावजी कवळी घेऊन धावत गेले. सहा दहाला डॉक्टरीणबाईंचा फोन आला. सासूबाईंना बसली, आणि सांगितल्यावर निघालीही. हेडमास्तरांची पाच बाविसाला आपोआप तोंडातून निघून ट्रेमध्ये पडली. कॅशियरबाईंचीही, म्हणे, काउंटरवर. काम चालू राहील.

ताई खुर्चीत बसली आणि रडली. आनंदाने. मग डोळे पुसून म्हणाली, पक्कड, चहा घे.

पक्कड म्हणाला, नको.

तो उठला, बॅग घेतली आणि जिना उतरला. पहिल्या मजल्यावर आल्यावर त्याने जीभ दातांवरून फिरवली. मग परत फिरवली. मग जिन्यातच बसून मोजले.

किती भरले ते त्याने मला सांगितलं नाही.

हे सगळं त्याने मला अकरा दिवसांनी सांगितलं, त्याच्या खोलीवर, तोंडासमोर हात धरून. घरातले काचेचे ग्लास त्याने बाहेर ठेवून दिले होते. दोन ग्लासांच्या कडा तुटल्या होत्या. मी विचारलं, डॉक्टरला दाखवलंस का. म्हणाला, दाखवलं. डॉक्टर म्हणाला, दात सुंदर आहेत, फक्त तुमचे वाटत नाहीत. मी हसलो, कारण पक्कड सांगतो तेव्हा हसायचं असतं. तो हसला नाही. हसायला तोंड उघडावं लागतं.

म्हणाला, एकच उपाय आहे. ताईला सांगायचं, तो फोल्डर परत दुसऱ्या ड्राइव्हवर हलव. सगळं होतं तिथे ने. लॅबचं काय व्हायचं ते होईल. ती ऐकणार नाही, पण विचारतो. तू समोर बस. मला एकट्याला भीती वाटते.

आणि त्याने माझ्यासमोर ताईला फोन लावला.

कानाला धरला. मी समोरच्या स्टुलावर, दोन हात अंतरावर. चार मिनिटं झाली असतील. पक्कड एक शब्दही बोलला नाही. मला त्यात काही वावगं वाटलं नाही. आमच्या घराण्यात ताईला फोन लावला की कोणालाच बोलायला मिळत नाही. त्याचे ओठ मिटलेले होते. डोळे मात्र माझ्यावर होते, मोठे झालेले, आणि तो मान हलवत होता, नाही, नाही, अशी. मला वाटलं ताई फार झापतेय.

मग त्याने फोन खाली ठेवला. चेहरा एकदम शांत झाला. तोंडासमोरचा हात त्याने काढला.

"झालं," तो म्हणाला. "काही हलवायचं नाही असं ठरलं."

फार गोड आवाजात म्हणाला. पक्कड आयुष्यात कोणाशी गोड बोललेला नाही.

त्यालाही आता महिना झाला. तो कामावर जातो. गिऱ्हाइकांशी अदबीने बोलतो. आईचा फ्रिज त्याने दुरुस्त करून दिला. सगळे म्हणतात, सुधारला.

परवा ताईकडे गेलो होतो. लॅब जोरात चाललीय. मी सहज म्हटलं, त्या दिवशी त्याला फोनवर एवढं झापायला नको होतं.

ताई म्हणाली, मी कुठे झापलं? मी बोललेच नाही फारसं. तोच बोलत होता, चार मिनिटं. इतकं नीट बोलला की मलाच भरून आलं. म्हणाला, ताई, तू दाबलंस ते बरोबरच केलंस. आता त्या सेटिंगला कोणाला हात लावू देऊ नकोस. मी इथे ठीक आहे.



ताई जबड्यांना रबरं लावत होती. लावता लावता म्हणाली,

"फक्त मागे कोणीतरी सारखं ताई, ताई करत होतं. लांबून. रडल्यासारखं. मी विचारलं, कोण आहे रे मागे? तर म्हणाला, कोणी नाही, इथलं जुनं आहे. काढून टाकतोय."